आपल्याच विहिरीचं पाणी

१

हातात टेप नसला तर मला सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. अकरा वर्षं कुठल्या ना कुठल्या विहिरीत डोकावून पाणी किती खाली आहे ते मोजायचं, हाच माझा उद्योग. टेप म्हणजे शिंप्याचा नव्हे. मोठ्या चाकावर गुंडाळलेली लांब पट्टी, तिच्या टोकाला बोटाएवढं धातूचं लोळकं. ते पाण्याला टेकलं की चाकावरचा लाल दिवा लागतो आणि बारीक शिट्टी वाजते. काठापासून किती मीटर झाले ते वाचायचं, वहीत लिहायचं, पुढच्या विहिरीवर जायचं.

नोकरी तिकडे चंद्रपूरच्या बाजूला, एका भूमिगत कोळसा खाणीसाठी अहवाल करून देणाऱ्या छोट्या कंपनीत. अशा खाणीत खडकातलं पाणी सतत झिरपत असतं. ते पंपानं उपसून वर ओढ्यात सोडावं लागतं, नाहीतर खालची माणसं बुडतील. मग भर उन्हाळ्यात तो ओढा काळा, दुथडी वाहतो, आणि आसपासच्या विहिरी खाली खाली जातात. किती खाली जातात ते मी मोजायचो. या जानेवारीत आमचा मोठा अहवाल मंजूर झाला, साहेब खूश झाले, मला महिन्याची रजा मिळाली. बायकोला, रूपालीला, मुलीची परीक्षा सोडून येता येईना. मी एकटाच गाडी काढून कुंडलला आलो.

आमचं घर गावाबाहेर, उसाच्या मध्ये. दारात आजोबांनी खणलेली विहीर, सहा परस खोल, आताच्या भाषेत अकरा मीटर. कृष्णेचं पाणी शिवारात खेळायला लागल्यापासून इकडे विहीर आटते हेच लोक विसरून गेलेत. घरात आई एकटी. तिला सगळं गाव आक्काताई म्हणून ओळखतं आणि जरा भितंसुद्धा. माझे वडील धन्यकुमार गेले त्या साली तिनं जैन मुनिमहाराजांसमोर नियम घेतला होता. या विहिरीत पाणी आहे तोवर दुसरीकडचं पाणी तोंडात घालायचं नाही. नळाचं नाही, मोटारीचं नाही. आपल्या हातानं शेंदलेलं आणि दुहेरी फडक्यातून गाळलेलं, तेवढंच. विहीर आटली तर मात्र नियम सुटला, मग कुठल्याही विहिरीचं चालेल. ही सूट तिनं त्याच वेळी मागून घेतली होती. बाई व्यवहारी आहे.

पाणी गाळून झालं की तिचं खरं काम सुरू होतं. फडक्यावर जे राहतं त्याला आम्ही जिवाणी म्हणतो. डोळ्यांना न दिसणारे जीव त्यात असतात. ज्या विहिरीचे, त्याच विहिरीत ते परत सोडायचे, कारण परक्या पाण्यात ते जगत नाहीत. त्यासाठी आईकडे तांब्याचा छोटा डबा आहे, तळाला कडी असलेला. दोराला बांधून सोडला की पाण्यापर्यंत सरळ जातो आणि टेकला की अलगद उपडा होतो. वरून ओतायचं नाही, जीव दुखावतात. मी लहान असताना आम्ही तासगावला एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याकडे लग्नाला गेलो होतो. एसटीच्या घाईत तिथली जिवाणी डब्यातच राहून आमच्याबरोबर घरी आली. आईनं दुसऱ्या दिवशी वडिलांना तो डबा घेऊन सायकलवरून वीस किलोमीटर परत पाठवलं. ते आल्यावर चार दिवस कुणाशी बोलले नाहीत.

ही गोष्ट सांगून मी ऑफिसात पुष्कळदा हशा मिळवला आहे.

२

आल्याच्या दुसऱ्या दिवशी डिकी रिकामी करताना तो कॅन सापडला. पाच लिटरचा, पांढरा, झाकणाला चिंधी बांधलेला. आठ महिने तिथंच पडून होता.

कॅन हरणाबाईचा. हरणाबाई म्हणजे खाणीला लागून असलेल्या गावातली एक म्हातारी. तिच्या अंगणातली विहीर आमच्या यादीत सतरा नंबरची. गेल्या मे महिन्यात मी गेलो तेव्हा तिनं तळातलं उरलंसुरलं पाणी खरवडून कॅनमध्ये भरून ठेवलं होतं. टेप सोडायच्या आधी तिनं तो माझ्यापुढं धरला. म्हणाली, "आंधी एक घोट प्या साहेब, मंग लिहा काय लिहायचं थे." मी म्हटलं, तपासायला नेतो. नेला तो डिकीपर्यंत.

आता ते पाणी मोरीत ओतायला वाकलो, तर मागं आई उभी.

"कुठलं पाणी त्ये?"

मला वडिलांची सायकल आठवली. खरं सांगावं तर ही बाई जिवाणीचा डबा हातात देऊन मला आठशे किलोमीटर परत पाठवणार. रजेचा दुसरा दिवस होता, आणि मला त्या गावाकडे तोंडही करायचं नव्हतं.

"आपल्याच विहिरीचं," मी म्हणालो. "काल गाडी पुसायला भरलं होतं."

न गाळलेलं पाणी मोरीत टाकणं तिला चालत नाही. तिनं कॅन माझ्या हातून घेतला, फडकं लावून पाणी घागरीत गाळलं आणि भांडी घासायला बाजूला ठेवलं. फडक्यावर काळी बारीक कणी राहिली होती. ती तिनं उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिली आणि आपल्या पाण्यात हे काळं कवापासनं आलं म्हणून मला विचारलं. मी डिकी झाडत होतो, ऐकलं नाही असं दाखवलं. मग तिनं ती कणी कडीच्या डब्यात धुऊन घेतली, दोर सोडला आणि डबा पाण्यावर उपडा झाला. मी बघत होतो.

३

त्या दिवशी डबा वर आल्यावर मी सवयीनं आमच्या विहिरीत टेप सोडला होता. ३.१०. दुसऱ्या सकाळी ४.२५ आलं.

एका दिवसात मीटरभर पाणी उतरणं म्हणजे कुणीतरी मोटार लावली असणार. पण आमच्या विहिरीवर मोटार नाही, आई लावू देत नाही. चाळीस पावलांवर नानासोची विहीर आहे. नानासो माझा लहानपणचा दोस्त, आता ऊस आणि दोन म्हशी. त्याच्या विहिरीत टेप सोडला, तर पाणी होतं तिथंच, वाकून हात बुडवावा इतकं वर. तिसऱ्या सकाळी आमचं पाणी ३.६० वर, म्हणजे चढलेलं. चौथ्या दिवशी ५.६०. पाचव्या दिवशी ४.९०.

मी टेपची बॅटरी बदलली. लोळकं पुसलं. नानासो काठावर बसून तंबाखू मळत माझी गंमत बघत होता. त्याचं म्हणणं, विहिरीच्या बांधकामात कुठंतरी भगदाड पडलं असेल, झिरपतं नि भरतं, एवढं काय. मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. आईनं मात्र दोराला आणखी एक तुकडा गाठ मारून जोडला आणि हे यंत्र खरं सांगतं का, एवढंच विचारलं.

मी जरा ऐटीतच म्हणालो, "माणूस खोटं बोलेल आई. टेप न्हाई बोलत."

तिनं मान हलवली. माझ्या शिक्षणाबद्दल तिला फार आदर आहे.

४

सहाव्या दिवशी दुपारी मी माजघरात आडवा झालो होतो. आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. फरशीला कान लागला तेव्हा खालून घरघर ऐकू आली. एकसुरी, जड. फ्रिज असेल म्हणून उठून बघितलं. फ्रिज बंद होता, वीज गेली होती.

मी तळवा फरशीवर टेकवला. थरथर हाताला कळत होती. कोपऱ्यातल्या घागरीवरचं झाकण काढून पाहिलं, तर पाण्यावर बारीक वलयं उठत होती, काठाकडून मध्याकडे जाणारी. आईला विचारलं, तर म्हणाली ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर असंल. बाहेर ट्रॅक्टर नव्हता.

मग भोंगा वाजला. आमच्या भागात साखर कारखान्याच्या भोंग्याचं कुणाला काही वाटत नाही. तो आठ, चार आणि बाराला होतो, लोक त्यावर घड्याळं लावतात. मी मनगटाकडे पाहिलं. तीन वाजले होते. तीनला पाळी बदलते ती त्या खाणीत. आठशे किलोमीटरवरचा भोंगा कुंडलात ऐकू येत नाही, एवढं मला कळतं. मी पुन्हा आडवा झालो, पण कान फरशीला लागू दिला नाही.

५

ऑफिसची वही गाडीतच होती. सातव्या सकाळी ६.२० आलं आणि तो आकडा मला ओळखीचा वाटला. मी गाडीत बसून वही उघडली. विहीर क्रमांक सतरा.

३.१०. ४.२५. ३.६०. ५.६०. ४.९०. नंतर ६.७५, आणि मग ६.२०.

मी दर वर्षी दोन फेऱ्या करायचो, ऑक्टोबर आणि मे. पावसाळ्यानंतर जरा वर, उन्हाळ्यात आणखी खाली. अकरा वर्षांच्या बावीस नोंदी. हरणाबाईच्या विहिरीला जे अकरा वर्षांत झालं ते आमची विहीर रोज एका नोंदीच्या हिशेबानं करत होती, सेंटिमीटरही न चुकता.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो. ह्या नोंदी वहीतल्या, माझ्या हातच्या, खऱ्या. अहवालात गेल्या त्या वेगळ्या. अहवालात सतरा नंबरची विहीर अकरा वर्षं जिथल्या तिथं आहे, तीन मीटरच्या आतबाहेर. साहेबांनी सांगितलं होतं, खाण वाढवायची आहे, पातळी उतरलेली दिसता कामा नये. मी बसून आकडे केले. चांगले केले, कुणाला संशय आला नाही. त्या आकड्यांवर गावाचा टँकर बंद झाला, कारण कागदावर विहिरीला पाणी होतं. शेवटच्या ऑक्टोबरच्या फेरीला तर मी गेलोच नाही. तिथली जमीन खचून विहीर बुजल्याचं कळलं होतं. हरणाबाई गेल्याचंही कळलं होतं. कशानं गेली ते मी विचारलं नाही. ऑफिसात बसून सतरापुढं ३.४० लिहिलं, तेविसावी नोंद, ती तेवढी वहीत नाही.

वहीतल्या बाविसाव्या ओळीवर मी बोट ठेवलं. मे महिना. तिथं आकडा नव्हता, माझ्या अक्षरात एकच शब्द होता. कोरडी.

६

पंधरा दिवस हातात होते. मी अडाणी माणूस नाही. काय करता येईल याचा विचार केला.

आई कुंडलला मंदिरात गेली असताना नानासोच्या मोटारीचा पाइप आमच्या विहिरीत सोडला. दोन तास पाणी धो धो आत जात होतं. पडल्याचा आवाज मात्र येत नव्हता. नानासो म्हणाला गड्या, मुरतंय वाटतं. मी टेप सोडला. सकाळचाच आकडा होता.

आईला म्हणालो, काही दिवस नानासोच्या विहिरीचं पाणी घे. तिनं विचारलं, आपल्या विहिरीत पाणी आहे ना? आहे, म्हणालो. मग झालं तर, म्हणाली. दोर आता इतका लांब झाला होता की शेंदताना ती मध्येच थांबून काठाला पोट टेकवायची. तळहात सोलले होते. मी दोराला हात लावला की ती नुसती बघायची, आणि मी सोडून द्यायचो. आपल्या हातानं शेंदलेलं म्हणजे आपल्या हातानं.

एकदा फोन काढून साहेबांना मजकूर लिहिला. सतरा नंबरच्या नोंदी चुकीच्या गेल्या आहेत, खऱ्या पाठवतो. बोट पाठवायच्या खुणेवर ठेवून मी कितीतरी वेळ बसलो. ते पाठवलं असतं तर हे थांबलं असतं, असं मला आतून वाटत होतं. पण आतून वाटण्यावर कुणी नोकरी सोडत नाही. आणि मग एक साधी गोष्ट सुचली, इतकी साधी की मला हसू आलं. विहीर कोरडी झाली की आईचा नियम सुटतो. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त बाविसाव्या दिवसाची वाट बघायची होती. मी मजकूर पुसला.

तेव्हापासून विहीर उतरली की मला बरं वाटू लागलं.

७

सोळाव्या दिवशी टेप ११.७५ वर वाजला.

आमची विहीर अकरा मीटर आहे. लहानपणी गाळ काढताना मी स्वतः तळाला उभा राहिलो आहे, खाली अखंड काळा पाषाण. टेप तिथून पाऊण मीटर आणखी खाली जाऊन पाण्याला टेकला होता. मी तीनदा मोजलं. दुपारी ऊन डोक्यावर आल्यावर घरातला आरसा आणला आणि काठावर धरून उन्हाचा कवडसा आत सोडला. विहिरीत काही पडलं की आमच्याकडे असंच बघतात.

कवडसा आजोबांच्या दगडी बांधकामावरून खाली गेला. दगड संपले. खाली विटा होत्या. आमच्या विहिरीत वीट नाही. विटांचा गोल कठडा होता आणि कठड्याच्या आतल्या अंगाला लाल रंगात १७ लिहिलेलं होतं. सातचं शेपूट लांब ओढलेलं. ते मी ओढलं होतं, अकरा वर्षांपूर्वी, नव्या ब्रशनं.

आकड्याशेजारी कठड्याच्या कडेवर चार बोटं होती. पलीकडून कुणी वाकून विहिरीत बघताना हात टेकतं, तशी. वाळलेली, काळी पडलेली. कवडसा त्यांच्यावर आला तशी ती हलली नाहीत. फक्त जरा घट्ट झाली.

आरसा माझ्या हातून सुटला. तो पडल्याचा आवाज आला नाही. मी ओसरीवर येऊन बसलो. आईनं विचारलं आरसा कुठाय, तर फुटला म्हणालो. घाबरलो होतो, हे कबूल करतो. पण त्याहून जास्त मी दिवस मोजत होतो.

८

बाविसाव्या सकाळी टेप सोडला. १४.२० ला लोळकं तळाला लागलं, पट्टी सैल पडली. दिवा लागला नाही, शिट्टी वाजली नाही. कोरडी. मी विहिरीच्या काठावर बसून लहान पोरासारखा रडलो.

आत जाऊन आईला सांगितलं, विहीर आटली, चल बघ, तुझा नियम सुटला. ती जपमाळ घेऊन बसली होती. चतुर्दशीचा निर्जळी उपवास होता तिचा. दिवसभर पाणी नाही.

मी हाताला धरून ओढायचं तेवढं बाकी ठेवलं. ती म्हणाली, "आज मला पाणीच नको हाय, तर हिरीत डोकावून काय करू? उद्या पारण्याला बघू."

एवढ्यासाठी काय भांडायचं. संध्याकाळी नानासोच्या विहिरीवरून मी नवी घागर भरून आणली, तिच्या फडक्यानं गाळली, झाकून ठेवली. खूप दिवसांनी मला झोप लागली.

पहाट उलटून चांगलं फटफटलं तेव्हा दोराच्या चाकाच्या आवाजानं जाग आली. आई विहिरीवर होती. कळशी वर आली, तिनं ती काठावर ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली की मेल्या, आटली म्हणून सांगत होतास, हे बघ, पार वर आलंय पाणी.

मी कळशीत पाहिलं. आत काही नव्हतं. तळ कोरडा होता, कोपऱ्यात चिमूटभर काळी पूड. आईनं फडकं लावून ती रिकामी कळशी घागरीत उपडी केली, तांब्या घागरीत बुडवला आणि तोंडाला लावला. तिचा गळा हलत होता. एका दिवसाच्या उपवासानंतर माणूस जसं पितं तसं ती प्यायली. पदरानं तोंड पुसलं. तोंड कोरडंच होतं.

मी टेप सोडला. ३.४० ला शिट्टी वाजली.

"बघ," आई म्हणाली. "तुझंच यंत्र."

९

नानासोला बोलावलं. त्यानं कळशीत हात घातला, झटकला आणि गार आहे की रं म्हणाला. त्याच्या हाताला थेंबभर ओल नव्हती. मी त्याला तसं म्हटलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला आणि मग आईला हळूच म्हणाला, "काकी, ह्याला जरा इश्रांती पायजे."

दोन दिवस मी तिला रिकामा तांब्या पिताना पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिच्या ओठांना चिरा पडल्या, चौथ्या दिवशी बोलताना जीभ टाळूला चिकटू लागली. नानासोच्या विहिरीची घागर पुढं केली की म्हणायची, आपल्या हिरीला पाणी असताना? तेव्हा मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. कॅन कुणाचा, पाणी कुठलं, तू परक्या विहिरीची जिवाणी आपल्या विहिरीत सोडलीस आणि ती मी तुला खोटं सांगून सोडायला लावली. खऱ्या नोंदी, खोट्या नोंदी. टँकर. हरणाबाई. ती विहीर बुजल्याचं तेवढं राहिलं. शेवटी म्हणालो, आई, विहीर कोरडी आहे, टेप वाजतो तो माझ्या खोट्या आकड्याला वाजतो, तुझा नियम सुटलेला आहे, हे पाणी पी.

ती बराच वेळ फडक्याची घडी घालत राहिली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग म्हणाली, "म्हंजे पाण्याचं खोटं सांगायची तुला सवयच हाय."

मी मान खाली घातली.

"मग आज कोरडी म्हंतोस, त्ये तरी खरं कशावरनं?"

मी नानासोच्या विहिरीची घागर तिच्याजवळ आणखी सरकवली.

तिनं उठायचा प्रयत्न केला. ते जीव ज्या पाण्यातले त्यांना त्यात नेऊन सोडायला पाहिजेत, म्हणाली. ती विहीर आहे ना अजून? मी तिचा चेहरा पाहिला. आहे, म्हणालो. भरलेली आहे. हे माझ्या तोंडून कसं गेलं मला कळलं नाही. ती समाधानानं भिंतीला टेकली.

१०

पलूसहून डॉक्टर आणले. त्यांनी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. अंगात पाणीच नाही, पाणी पितात ना, असं त्यांनी विचारलं. मी बोलायच्या आत नानासो म्हणाला की व्हय, आत्ताच माझ्यासमोर दोन तांबे प्याल्या.

सलाईनची सुई बघून आईनं हात मागं घेतला आणि ते कुठलं पाणी आहे म्हणून विचारलं. दुपारी तिची शुद्ध हरपली तेव्हा डॉक्टरांनी सुई लावली. मी बाटलीवर पातळीशी पेनानं रेघ मारली, सवय. संध्याकाळी बघितलं तर पाणी रेघेवरच होतं. डॉक्टरांनी नळी बदलली, शीर बदलली, शेवटी सांगलीला हलवा म्हणून निघून गेले. नानासो गाडी आणायला गावात गेला.

आम्ही दोघंच होतो. खालची घरघर थांबली होती. मला वाटतं तिथलं उपसायचं संपलं होतं. आईनं डोळे उघडले. मला ओळखलं.

"भरतेश," ती म्हणाली, "तुझ्या हातनं पाणी दे."

मी धावत स्वयंपाकघरात गेलो. नानासोच्या विहिरीचं, गाळलेलं पाणी, काठोकाठ भरलेला तांब्या. तो इतका जड होता की मला रडू आलं. तिच्या मानेखाली हात घातला, तांब्या ओठांना लावला. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती काय विचारणार ते मला माहीत होतं, म्हणून तिनं विचारायच्या आधीच मी म्हणालो.

"आपल्याच विहिरीचं आहे."

पाणी तिच्या तोंडात गेलं, ओठांच्या कडांवरून बाहेर आलं, हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. गळा हलला नाही. तिनं तांब्यात डोकावून पाहिलं, नीट, आत हात घालून. ओली बोटं बाहेर काढली आणि एकमेकांवर घासली.

"रिकामा तांब्या कशाला आणलास रं?"

उशी भिजून गेली. ती माझ्याकडे बघत राहिली, मी उठून पाणी घेऊन येईन म्हणून वाट बघत.